मॅच संपायच्या आधी स्टँडवर

अक्का, एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. पण ती अगदी शेवटी सांगते. आधी सांगून टाकलेलं तुला चालत नाही.

मोहोळहून येताना तू पहिल्यांदा माझ्यावर चिडलीस, आठवतं? शाळेच्या पोरींची फुटबॉल मॅच संपली, त्यांना घेऊन मी स्टँडवर आले, तू गाडीच्या दारात उभी होतीस. मी लांबूनच म्हणाले, "अक्का, जिंकल्या." पोरी चढल्या, गाडी सुटली आणि तू खिडकीकडं तोंड करून बसलीस. माझं काय चुकलं ते मला कळेना, आणि आपणहून विचारायचं धाडस माझ्यात नाही. लांबोटी मागं पडल्यावर तूच म्हणालीस, "आधीच सांगून टाकलीस. आता सोलापूरपर्यंत मी काय ऐकू?"

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तू एकाही मॅचचा शेवट बघितलेला नाहीस.

कशी बघणार? मॅच रंगात आली की तू उठायचीस. लुगड्याचा पदर खोचायचीस, काखेत टॉवेलांची घडी घ्यायचीस आणि मैदानाला पाठ करून स्टँडकडं चालायला लागायचीस. संध्याकाळच्या गाड्या भरून येतात. पोरी दमून, गुडघे फोडून आल्यावर त्यांना सोलापूरपर्यंत दांडीला धरून उभं राहावं लागू नये, एवढंच तुझ्या डोक्यात असायचं. गाडी फलाटाला लागते न लागते तोच तू खिडकीतून टॉवेल आत टाकायचीस. या खिडकीतून एक, त्या खिडकीतून एक. आपल्याकडं टॉवेल पडला की जागा धरली गेली, त्यावर कुणी बसत नाही. बसलाच तर तू होतीस.

टॉवेल तुझ्याकडं कमी नव्हतेच. कारखान्यात तू टॉवेलच्या कडा शिवायचीस, आणि विणताना धागा सुटलेले, पट्टी वाकडी गेलेले टॉवेल मालक बायांना देऊन टाकायचा. बाजारात नापास झालेले टॉवेल एसटीत मात्र पास व्हायचे. "ह्यो माझा रिझर्वेशनचा डबा," असं तू त्या घडीला म्हणायचीस.

मी तुझ्यासोबत यायला लागले तेसुद्धा माझ्या मनानं नाही. सरांनी शाळेत आयांना बोलावलं होतं. पोरींची टीम बाहेरगावी न्यायची तर बरोबर एक-दोन बाया पाहिजेत, शाळेकडं गाडी नाही, एसटीनंच जायचं, असं म्हणाले. सगळ्या आया खाली बघायला लागल्या. मी तर भिंतीला चिकटून बसले होते. तू हात वर केलास. मग शेजारी कोण आहे ते न बघताच माझं मनगट धरून माझाही हात वर केलास. तोवर आपली ओळखसुद्धा नव्हती. तू भवानी पेठेतली, घरात तेलुगू बोलणारी, मी मागच्या गल्लीत भाकऱ्या करून देणारी. तुझी श्रावणी आणि माझी आरती एका वर्गात, एवढंच.

बाहेर आल्यावर मी कसंबसं म्हणाले की मला जमायचं नाही, मी कधी कंडक्टरशीसुद्धा बोललेली नाही. तू म्हणालीस, "बोलायला कोण सांगतंय? तू भाकरी आण. बोलायचं मी बघते."

आणि तसंच झालं. मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणायची, तू बोलायचीस. बायांना अर्धं तिकीट झालं तेव्हा तर कंडक्टरला म्हणालीस, आता आमच्या दोघींचं मिळून एक तिकीट, म्हणजे आम्ही एकच बाई, आणि एका बाईनं किती बोलायचं ते तिचं तिनं ठरवायचं. तो हसला. मी पदर तोंडाला लावला. तुझ्यासोबत असताना माझी अशीच गत व्हायची, लाज पण वाटायची आणि हसू पण यायचं.

अक्कलकोटची ती गंमत मी कुणाला सांगितली नाही, आता सांगायला कुणी उरलं पण नाही. गुरुवार होता, दर्शनाची गर्दी. एक गाडी येऊन लागली आणि तू धडाधडा दोन टॉवेल आत टाकलेस. पाटी कानडीत होती. मी लहानपणी अक्कलकोट तालुक्यात मेंढरांमागं फिरलेली, कानडी बोलता येतं, वाचता कुठं येतंय? पोरी आल्या, मी एका म्हातारीला विचारलं, तर ती म्हणाली गाडी आळंदला चाललीय. तोवर गाडी हललीसुद्धा. तू पळत गेलीस, मग थांबलीस, कमरेवर हात ठेवून बघत राहिलीस. आपले दोन टॉवेल कर्नाटकात गेले. त्या दिवशी सगळ्यांना उभं राहूनच यावं लागलं. सगळ्या पोरी चिडल्या होत्या आणि तू म्हणालीस, "जाऊ दे. तितं कुणीतरी तोंड पुसंल की." मग कुंभारीपर्यंत अख्खी गाडी हसत होती.

टॉवेल टाकून झाले की तू दारात उभी राहायचीस. एक पाय पायरीवर, एक पाय खाली जमिनीवर. गाडी सुटू नये म्हणून. कंडक्टर म्हणायचा, अक्का, चढा न्हाय तर उतरा. तू म्हणायचीस, "चढतेच की. गुडघा वाकंना झालाय जरा." पोरी कोपऱ्यावर दिसल्या की तुझा गुडघा लगेच वाकायचा. एकेक पोरगी चढायची तसं तू तेलुगूत म्हणायचीस, "रा, कूर्चो." ये, बस. मराठी असो, मुसलमानाची असो, कानडी असो, सगळ्यांना तेच. टॉवेल उचलायचीस आणि पोरगी त्या जागेवर पडायची.

मग माझी पाळी यायची. मला शेवट सांगावा लागायचा.

अक्का, चौथीत असताना बाईंनी मला उभं करून धडा वाचायला लावला होता तेव्हा मी रडले होते. पुढच्या वर्षी बापानं मेंढरांमागं पाठवलं तर मला बरंच वाटलं, तिथं बोलावं लागत नव्हतं. अशी मी. आणि तू मला भरल्या गाडीत मॅच सांगायला लावायचीस. मी म्हणायची, मग श्रावणीनं गोल केला. तू म्हणायचीस, "असं न्हाय. नीट सांग. बॉल कुटनं आला? हिच्या म्होरं कोण होतं? कोणत्या पायानं मारला?" मला काय माहीत कोणत्या पायानं. पुढच्या वेळी मी पाय बघायला लागले. त्याच्या पुढच्या वेळी समोरच्या पोरीचा चेहरा बघायला लागले, गोलात उभ्या आरतीनं बॉल अडवायच्या आधी हात पँटला पुसले ते बघायला लागले, सर किती वेळा टोपी काढून घालतात ते बघायला लागले, कारण तुला सगळं लागायचं. मला फुटबॉल कळत नव्हता. तुला सांगायचं म्हणून कळायला लागला. मागच्या सीटवरची अनोळखी माणसं पुढं वाकून ऐकायची आणि मला ते उतरताना कळायचं.

पायाचं तू नेहमी विचारायचीस. श्रावणीला सरांनी डाव्या बाजूला खेळवलं, पण डावा पाय तिला नावाला. बॉल आला की ती गोल फिरून उजव्या पायावर घ्यायची आणि तेवढ्यात समोरची पोरगी यायची. तुझं काम सुटेपर्यंत ती कारखान्याच्या मागच्या भिंतीवर डाव्या पायानं बॉल मारत बसायची, तूच लावलेलं काम ते. "कोणत्या पायानं?" तू विचारायचीस. मी म्हणायची, उजव्या. तू "हां" म्हणायचीस आणि टॉवेल परत घडी घालायला लागायचीस.

आपलं भांडण म्हणशील तर एकच होतं. मी म्हणायची, अक्का, एकदा तू थांब, मी जाते स्टँडवर. तुझी पोरगी खेळतेय, एकदा तरी शेवट बघ. तू हसायचीस. "तू? तू टॉवेल टाकून त्या माणसाची माफी मागशील. म्हणशील, दादा, बसा तुमी, टॉवेल चुकून पडला." मी म्हणायची, शिकेन की. तू म्हणायचीस, शिक, मग बघू. मी शिकले नाही आणि तू थांबली नाहीस. दर मॅचला आपण हे बोलायचो आणि दर मॅचला तू उठून जायचीस. जाताना एकदा मागं वळून बघायचीस. मैदानाकडं नाही, माझ्याकडं. नीट बघ, असं डोळ्यांनी सांगायचीस.

मग तू आजारी पडलीस. ते मी लिहीत नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे.

करकंबची मॅच तू दवाखान्यात असताना होती. श्रावणी तुझ्याजवळ थांबली. मी एकटी गेले पोरींबरोबर. मॅच संपायच्या वेळेला मला कळेना, उठू की बसू. उठले तर जागा मिळेल पण शेवट दिसणार नाही, आणि संध्याकाळी तू विचारणार. बसले तर पोरी उभ्या राहतील. मी बसले. शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली आणि माझ्या आरतीनं ती अडवली. पंढरपूरपर्यंतची गाडी भरलेली होती, पंढरपूरहून सोलापूरची त्याहून भरलेली. पोरी उभ्या, सर उभे, मी उभी. पुढं उसाचे ट्रॅक्टर, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली. एक पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभ्याउभ्या झोपली.

स्टँडवरून मी सरळ तुझ्याकडं आले. भेटायची वेळ संपत आली होती. तुझ्या डोक्याखाली आपलाच टॉवेल होता, वाकड्या पट्टीचा. मी कधी नव्हे इतकं छान सांगितलं, अक्का. बॉल ठेवला, ती पोरगी चार पावलं मागं गेली, आरतीनं हात पुसले, उडी कुठल्या बाजूला, बॉल कुठल्या बोटांना लागला. शेजारच्या खाटेवरची बाई पण ऐकत होती. तू डोळे मिटून होतीस. मला वाटलं तू विचारशील, कोणत्या पायानं.

तू विचारलंस, "पोरी बसून आल्या का?"

मी म्हणाले, "न्हाय अक्का. उभ्यानंच."

"मग तू काय करत होतीस?"

सिस्टर आली, चला म्हणाली. मी उठले. त्यानंतर तू काही बोलली नाहीस, माझ्याशी नाही आणि कुणाशीच नाही.

तू चेष्टेनं म्हणालीस की रागानं, हे मी रोज भाकरी थापताना ठरवायला बघते. तुझ्या ओठांच्या कडेला काहीतरी होतं असं वाटतं, मग वाटतं नव्हतं. मी शेवट बघत होते, अक्का. तुझ्यासाठी बघत होते. हे उत्तर मला दारातून बाहेर पडल्यावर सुचलं, आणि तोवर दार लागलं होतं.

तुझे दिवस झाल्यावर मी तुझ्या घरी आले होते. श्रावणीचे बूट खाटेखाली ढकललेले दिसले. शाळेतून निरोप आला होता, अक्कलकोटला मॅच आहे. दाजी नवरा म्हणून, बाप म्हणून वाईट माणूस नाही, तुला मी सांगायला नको. लूमवरून आल्यासारखे थकून बसले होते. श्रावणीच्या आत्याबाई म्हणाल्या, पोर मोठी झाली, आता पुरे ते गावोगाव हिंडणं. दाजी म्हणाले, "आई हुती तवर ठीक हुतं. आता कोण जाणार तिच्यासंगं?"

खोलीत बऱ्याच बाया होत्या. सगळ्या खाली बघायला लागल्या. मी पण खाली बघत होते. माझं मनगट धरायला शेजारी कुणी नव्हतं.

"मी हाय की," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की आत्याबाईंनी "काय?" म्हणून विचारलं. परत म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं आलं. दाजींनी माझ्याकडं बघितलं आणि उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात टॉवेलांची घडी होती, वर तो वाकड्या पट्टीचा, धुऊन वाळवलेला.

श्रावणी मात्र यायला तयार नव्हती. म्हणाली, "मावशी, माझ्यानं गाडीत बसवणार न्हाय. दारात आई दिसंल." मी मॅचच्या सकाळी भाकऱ्या बांधून तुझ्या दारात जाऊन उभी राहिले. आरतीनं खाटेखालून बूट ओढून काढले आणि तिच्यापुढं ठेवले. किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. मग तिनं बुटाची नाडी सोडली.

अक्कलकोटला ती खेळली, पण मन नव्हतं. बॉल पायाजवळून जायचा आणि ती बघत राहायची. एक गोल आपल्यावर बसला, मग दुसरा. सरांची टोपी डोक्यावरून उतरलेलीच होती. उन्हं कलली. मी घडी काखेत धरून बसले होते, आणि दवाखान्यातला तुझा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता.

मी उठले. पदर खोचला. वळून बघायची तुझी सवय मला पण लागली असावी, मी वळले, पण जिला नीट बघ म्हणून सांगावं अशी माझ्या जागेवर आता कुणी नव्हती.

मैदानाच्या फाटकाबाहेर आले तेव्हा मागून मोठा ओरडा आला. कुणाचा, आपल्या पोरींचा की त्यांच्या, काही कळेना. पाय थांबले. परत फिरून बघावं असं इतकं वाटलं की मी फाटकाला हात लावला. आणि मग लक्षात आलं, तुला हे दर वेळी ऐकू यायचं. दर वेळी तुझी पोरगी मागं असायची, दर वेळी असा ओरडा यायचा, आणि तू पुढं चालत राहायचीस. मोहोळला, बार्शीला, कुठं कुठं. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. आणि मी तुला विचारलं नाही. मी आपली म्हणायची, एकदा थांब. जणू तू हौसेनं जात होतीस.

स्टँडवर दुधनीहून सोलापूरला जाणारी गाडी आली, भरूनच. काही माणसं उतरली. मी पहिला टॉवेल टाकला तो अर्ध्या लागलेल्या काचेवर आपटून खाली पडला. झटकून परत टाकला, तो आत बसू बघणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावर. तो खिडकीतून बाहेर बघून म्हणाला, "बाई, वाळत घालताय काय?" सगळे हसले. अक्का, खरं सांगते, दादा, चुकून पडला, हे माझ्या ओठावर आलं होतं. तू म्हणाली होतीस अगदी तसंच.

"खेळून येतायत पोरी," मी म्हणाले. "जागा धरलीय."

त्यानं टॉवेल डोक्यावरून काढला, सीटवर ठेवला आणि मागं सरकला. एवढंच असतं होय ते? मी दुसऱ्या खिडकीकडं पळाले. पाटी मात्र आधी वाचली, मराठीत होती.

मग दारात उभी राहिले. एक पाय पायरीवर, एक खाली. कंडक्टर नवा होता, पोरसवदा. म्हणाला, मावशी, माणसं कुठायत तुमची? मी म्हणाले, येतायत. घंटी वाजवू का म्हणाला. मी म्हणाले, गुडघा वाकत न्हाय रे बाबा जरा.

पोरी कोपऱ्यावर दिसल्या. चालण्यावरून काही ओळखू येईना. आरती पुढं, श्रावणी सगळ्यांच्या मागं. चढताना प्रत्येकीनं माझ्याकडं बघितलं, मग आत टॉवेलांकडं बघितलं. श्रावणी पायरीखाली थांबली. दारात तिला तू दिसणार होतीस आणि तिथं मी उभी होते.

"रा, कूर्चो," मी म्हणाले.

मला तेलुगू येत नाही, अक्का. तेवढंच येतं. ती वर आली. मी टॉवेल उचलला आणि ती खिडकीजवळ बसली, मी तिच्या शेजारी. गाडी सुटली. ती बाहेर बघत होती, मी मांडीवरची घडी घालत होते, मोडत होते. असं करत वळसंग आलं. विचारायची माझी रीत नाही, आणि आज सांगायला माझ्याजवळ काही नव्हतं.

मग तीच म्हणाली, "हरलो, मावशी."

"हं."

"दोन-एक."

म्हणजे एक आपला होता. फाटकाबाहेर ऐकला तो आपला ओरडा होता. माझ्या हातातली घडी तशीच राहिली.

"कुणी मारला?"

"मी."

"असं न्हाय," मी म्हणाले. "नीट सांग. बॉल कुटनं आला? म्होरं कोण हुतं? कोणत्या पायानं मारलास?"

तिनं मान वळवली. माझ्याकडं बघितलं, मांडीवरच्या टॉवेलाकडं बघितलं, आणि तुझ्यानंतर पहिल्यांदा ती रडली. तो टॉवेल तिनं तोंडावर घेतला आणि कुंभारीपर्यंत रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. मग तोंड पुसून ती सांगायला लागली, कॉर्नरवरून बॉल कसा आला, समोरची पोरगी कशी उंच होती, फिरायला जागाच कशी नव्हती. तुझ्यासारखेच हात करून सांगत होती. सोलापूरचे दिवे दिसायला लागेपर्यंत सांगत होती.

मी बघितला नाही, अक्का. तू पण नाहीस. पण नीट विचारून घेतलं.

डाव्या पायानं.